गच्चीचे पाणी आणि कान्ह नदी
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



बाप्पांसमोर गटाराचा विषय काढला म्हणून कुणी नाक मुरडू नये. आम्ही ड्रेनेजच्या कामावरची माणसे, आम्हाला दुसरे काय सुचणार? शिवाय गणपती येतात ते पावसाळ्यात, आणि आमच्या कामाची परीक्षाही याच दिवसांत असते.

२०२१ साली इंदूर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. त्यासाठी नगर निगमने लहानमोठ्या २५ नाल्यांत सांडपाणी सोडणारी १,७४६ सार्वजनिक आणि ५,६२४ घरगुती तोंडे बंद केली. कान्ह आणि सरस्वती या आपल्या दोन्ही नद्यांना त्याचा मोठा आधार झाला. पण नदीकाठी केलेले काम टिकवायचे असेल, तर प्रत्येकाला आपल्या अंगणातले चेंबर पाहावे लागेल.

घरातून दोन प्रकारचे पाणी बाहेर पडते. संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचे पाणी मलवाहिनीतून कबीटखेडीसारख्या शुद्धीकरण केंद्रात जाते. पावसाचे पाणी रस्त्याकडेच्या गटारातून थेट नाल्यात आणि तिथून नदीत जाते. वाटेत ते कुठेही शुद्ध होत नाही. म्हणून मोरीचा पाइप पावसाळी गटारात सोडला, की ते खरकटे पाणी जसेच्या तसे कान्हमध्ये पोहोचते.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. सोय म्हणून गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडून दिला जातो. आता हिशेब पाहा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे २,३०० लिटर पाणी जमते. पाच माणसांच्या घराचे दिवसाचे सांडपाणी साधारण साडेपाचशे लिटर धरतात. म्हणजे चार दिवसांत जेवढे पाणी त्या वाहिनीत जायचे, तेवढे तासाभराच्या जोरदार सरीत जाते. अशी शंभर घरे एका लाइनवर असली, तर सव्वादोन लाख लिटरांहून जास्त पाणी झाले. तेवढ्यासाठी ती लाइन टाकलेलीच नसते. मग चेंबरची झाकणे उचलतात, मैला रस्त्यावरून नाल्यात जातो, आणि सखल वस्तीतल्या एखाद्या घरात तो संडासातून उलटा वर येतो. पाणी आपल्या गच्चीचे, पण बादल्या भरून घर धुवायची पाळी दुसऱ्यावर येते.

आपली नदी इंदूरला संपत नाही. कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. २०२८ च्या सिंहस्थात तिथे लाखो लोक स्नान करतील. कान्हचे पाणी क्षिप्रेत मिसळू नये, म्हणून ते वळवून नेणाऱ्या बंद कालव्याचे काम शासनाला हाती घ्यावे लागले. आपल्या शहराचे पाणी वळसा घालून न्यावे लागते, ही गोष्ट आपण इंदूरकरांनी मनाला लावून घ्यायला हवी.

तपासणी सोपी आहे. गच्चीच्या पाइपात रंग कालवलेली बादलीभर पाणी ओता आणि ड्रेनेजच्या चेंबरचे झाकण उघडून पाहा. रंग तिथे दिसला, तर जोड चुकला आहे. प्लंबरला बोलावून तो पाइप तोडून घ्या. गच्चीचे पाणी गाळून शोषखड्ड्यात सोडा. जागा नसेल तर पावसाळी गटारात जाऊ द्या. मोरीच्या पाण्याचीही अशीच परीक्षा घ्या. चेंबरमध्ये मात्र कुणी उतरू नये. आत विषारी वायू असतो आणि माणसे त्याने दगावतात.

घरी बादलीत शाडूच्या मूर्तीचे विसर्जन करणाऱ्यांना एक विनंती. ते पाणी झाडांना घाला, चेंबरमध्ये ओतू नका. माती पाइपात बसते आणि पुढच्या पावसात लाइन तुंबते.

नळ्या जमिनीखाली टाकणे हे आमचे काम. घरातले कोणते पाणी कुठल्या नळीत जाते, हे पाहणे घरमालकाच्या हाती आहे. अनंत चतुर्दशीपर्यंत प्रत्येकाने आपले एक चेंबर उघडून पाहावे, एवढेच मागणे आहे.

गणपती बाप्पा मोरया!