श्रमाचे आभार मानणारा दिवस
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा आमचा विषय जरा लांबचा आहे. लांबचा म्हणजे थेट जपानचा. वरळीच्या जपानी विहारात आपल्यापैकी बरेच जण जाऊन आलेत. त्या जपान देशात दरवर्षी २३ नोव्हेंबरला राष्ट्रीय सुट्टी असते. तिचं नाव 'किन्रो कान्शा नो हि'. किन्रो म्हणजे श्रम, कान्शा म्हणजे कृतज्ञता आणि हि म्हणजे दिवस. श्रमाबद्दल कृतज्ञतेचा दिवस! आम्ही गिरणी कामगार. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्ही ते दोनदा वाचलं.

मुळात हा दिवस कामगारांचा नव्हता. तो भाताच्या सुगीचा प्राचीन विधी, 'नीनामेसाई'. नवा तांदूळ आला की सम्राट तो देवतांना अर्पण करी आणि मग स्वतः चाखी. १८७३ साली जपानने पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली, तेव्हा या विधीसाठी २३ नोव्हेंबर ही तारीख ठरली. आता बघा, चिखलात वाकून भात लावला कुणी? शेतकऱ्याने. आभार कुणाचे? देवांचे. आणि मान कुणाचा? सम्राटाचा. लावणाऱ्याचं नावच नाही! ही गोष्ट आपल्याला काही नवीन नाही.

पुढे १९४५ साली जपान महायुद्धात हरला. १९४७ साली नवी राज्यघटना लागू झाली. सत्ता जनतेच्या हाती आली, सम्राट नुसता प्रतीक म्हणून राहिला. धर्म आणि सरकार वेगळे झाले. कामगारांना संघटना बांधण्याचा आणि मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क घटनेनेच दिला. मग जुलै १९४८ मध्ये सुट्ट्यांचा नवा कायदा झाला. तारीख तीच ठेवली, अर्थ बदलला. श्रमाचा मान राखावा, उत्पादनाचा आनंद साजरा करावा आणि नागरिकांनी एकमेकांचे आभार मानावेत, असा त्या सुट्टीचा हेतू कायद्यात लिहिला आहे. राजवाड्यात जुना विधी आजही होतो, पण सुट्टी त्या विधीच्या नावाची राहिली नाही. त्या दिवसाच्या निमित्ताने शाळेतली मुलं पोलिसांना, अग्निशमन दलाच्या जवानांना आपल्या हाताने कार्डं बनवून देतात.

बंधू-भगिनींनो, 'एकमेकांचे' हा शब्द महत्त्वाचा. वरच्याने खालच्याची पाठ थोपटायची, ही कृतज्ञता नव्हे, ती मेहेरबानी.

पण नुसत्या आभारांनी पोट भरतं का? त्याच जपानात 'करोशी' हा शब्द आहे. करोशी म्हणजे अतिकामाने आलेला मृत्यू. जास्त तास राबून माणसं मेली. त्यांच्या घरच्यांनी लढा दिला, तेव्हा २०१४ साली ते रोखण्यासाठी कायदा झाला आणि नोव्हेंबर महिनाच त्याच्या जनजागृतीसाठी ठरवला. म्हणजे आभाराचा दिवस ज्या महिन्यात, जाब विचारण्याचा महिनाही तोच. हे आम्हाला फार बोलकं वाटतं. हक्काशिवाय आभार म्हणजे रिकामा डबा.

आपला इतिहास काय सांगतो? या मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना साळखात्यात घेत नसत. का, तर धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याचा विटाळ व्हायचा! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आठ तासांची पाळी आपल्याला कुणी दान दिलेली नाही.

तथागतांनीही सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्यं सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावं, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट!

आमची गिरणी बंद झाली त्या दिवशी आम्ही गेटवर उभे होतो. हिशेबाचा कागद हातात मिळाला. 'इतकी वर्षं राबलात, बरं केलंत' एवढंसुद्धा कुणी म्हटलं नाही. ते आजही सलतं. पण घरी येऊन विचार केला, आम्ही तरी कुणाला म्हटलं होतं? रात्रपाळीहून आलो की गरम भाकरी पुढे असायची. ती थापणाऱ्या हाताचे आभार आम्ही कधी मानले? आपली गल्ली पहाटे झाडणाऱ्या ताईचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्हाला नव्हतं. मालकाला नावं ठेवायची आणि स्वतः तसंच वागायचं, हे बरोबर नाही.

म्हणून समितीला एक विनंती. पुढच्या वर्धापनदिनापासून पहिल्या रांगेत वस्तीतले सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या आयाबहिणी यांना बसवावं. शाल-नारळावर थांबू नये. त्यांना हातमोजे, गमबूट मिळतात का, पगार वेळेवर होतो का, फंड भरला जातो का, हे विचारावं आणि नसेल तर विहाराच्या वतीने अर्ज लिहावा. अर्ज लिहायला आम्ही बसतो. आभार मानायचे तर ते असे.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!