बांबू आपला, तर भावही आपणच ठरवू
(ग्रामसभेपुढे केलेलं भाषण)



बांबू आपल्या जंगलात वाढतो, भाव मात्र ठेकेदार ठरवतो. हे किती दिवस चालवायचं? २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू, तेंदूपान गोळा करायचा आणि विकायचा हक्क आपल्याला दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तरी वाहतूक परवान्यासाठी २०११ पर्यंत झगडावं लागलं. मग ग्रामसभेनं स्वतः बांबू विकला.

पण हक्क म्हणजे जंगल ओरबाडणं नव्हे. कोवळा कोंब तोडायचा नाही. तोड किती, मजुरी किती, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. बाईची मजुरी बाईच्याच हातात द्यायची. हिशेब ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा.

तोवर ठेकेदाराची उचल कोणी घेऊ नका. उचल घेतली, की भाव त्याचाच!