शेणाचे मोल

(नंदुरबार जिल्ह्यातील ग्रामसेवक, कृषी सहायक आणि महिला बचत गटांच्या कार्यकर्त्या यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणावरून)



आजचा विषय जाहीर होताच काहींच्या चेहऱ्यांवर हसू उमटले. त्यात आपला दोष नाही. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. शेणाशी माझा पहिला परिचय वाक्प्रचारांतूनच झाला. चूक करणारा ‘शेण खातो’ आणि मूर्खाच्या डोक्यात ‘शेण भरलेले’ असते, एवढेच आम्ही शिकलो. परंतु गाईम्हशीचे ते शेण, घोड्याची लीद, शेळीमेंढीची लेंडी. ताजा पडलेला तो पो, थापून वाळविलेली ती गोवरी, रानात आपोआप वाळलेली ती रानशेणी, असे बारीक भेदही याच भाषेने जपले आहेत. निरुपयोगी वस्तूला कोणी इतकी नावे देत नाही.

या वस्तूला अपमानाचे हत्यार करणारेही महाराष्ट्रात होऊन गेले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा शिकविण्यास जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्यावर शेण फेकले गेले. शाळेत पोचल्यावर बदलण्यासाठी त्या दुसरे लुगडे बरोबर नेत असत. दोष शेणाचा नव्हता, फेकणाऱ्या हातांचा होता.

निसर्गाची देवघेव

निसर्गात शेण ही घाण नसून परतफेड आहे. जनावराने मातीतून जे घेतले त्याचा मोठा वाटा ते मातीला परत करते. शेळीने खाल्लेल्या बाभळीच्या शेंगांतील टणक बी तिच्या पोटातून नरम होऊन लेंडीबरोबर बाहेर पडते आणि पहिल्या पावसात रुजते. शेणकिडे शेणाच्या गोळ्या करून जमिनीत पुरतात. खत खोलवर जाते आणि माती भुसभुशीत होते.

हे काम फुकटात होत असल्याने त्याची किंमत आपल्याला कळत नाही. ऑस्ट्रेलियाला ती कळली. १७८८ मध्ये युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर तेथे गाई आल्या. तेथील शेणकिड्यांना सवय होती कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची. गाईचे ओले शेण त्यांना झेपेना. पो महिनोन्महिने तसेच पडून राहिले, खालचे गवत मेले, माशा बेसुमार वाढल्या. अखेर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून परदेशांतून शेणकिडे आणून तेथील कुरणांत सोडावे लागले. आपण एवढे ध्यानात ठेवावे की, जनावरांना दिलेल्या काही जंतनाशक औषधांचा अंश शेणात उतरतो आणि या किड्यांना मारक ठरतो. म्हणून औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

राखेतील इतिहास

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे आपण तीर्थक्षेत्र म्हणून जाणतो. १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळातील वस्ती उजेडात आली. दख्खनच्या या पहिल्या शेतकऱ्यांच्या दारी गुरे होती. त्याहून जुनी साक्ष कर्नाटक-तेलंगणात मिळते. तेथे राखेची प्रचंड टेकाडे आहेत. हंपीजवळच्या अशा एका टेकाडाला लोक वालीच्या चितेची राख मानीत आले. १९५७ मध्ये रेमंड ऑल्चिन यांनी उटनूर येथे खणून पाहिले, तेव्हा ती राख शेणाची आणि ती जागा नवाश्मयुगीन गोपालकांच्या गोठ्याची निघाली. पिढ्यान्‌पिढ्या साचलेले शेण वेळोवेळी जाळल्याने ही टेकाडे तयार झाली होती.

आपले अंगण

इतक्या दूर कशाला जावे? अक्राणी, अक्कलकुवा भागातील भिल्ल आणि पावरा बांधवांच्या घरांचे कूड शेणमातीने लिंपलेले असतात. धान्याची कणगी शेणाने सारविली जाते. मळणीपूर्वी खळे सारविले जाते. होळीला भोक पाडलेल्या लहान गोवऱ्यांच्या माळा लागतात. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. धुळे-नंदुरबारकडील ठेलारी मेंढपाळ रिकाम्या शेतात मेंढ्या बसवितात, तेव्हा लेंडी आणि मूत्र थेट जमिनीत मुरते. शेतकऱ्याला खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसा. हा व्यवहार कोणत्याही योजनेहून जुना आहे.

चूल की शेत?

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. गोवरी जळते तेव्हा शेणातील नत्र हवेत जाते. हाती राख उरते. शेत उपाशी राहते आणि चुलीपुढची माउली धूर गिळते. १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करणारे रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात स्पष्ट नोंदविले होते की, शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानामुळे नव्हे, तर सरपण मिळत नाही म्हणून. ‘शेण जाळू नका’ असे भाषण करून निघून जाणाऱ्या आम्हां अधिकाऱ्यांनी हे वाक्य विसरता कामा नये.

गोबरगॅसमध्ये या कोंडीचा एक मार्ग आहे. हवाबंद संयंत्रात शेण कुजले की ज्वलनशील मिथेन वायू मिळतो आणि नत्र मात्र रबडीत शिल्लक राहते. म्हणजे एकाच शेणातून चूलही पेटते आणि शेतही पोसले जाते. १९८१-८२ पासून देशात यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम राबविण्यात आला; २०१८ मध्ये ‘गोबरधन’ योजना आली. परंतु हिशेब नीट मांडला पाहिजे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे, आणि जवळजवळ तितकेच पाणी लागते. तापीकाठच्या बागायतदाराला हे जमेल. सातपुड्याच्या पाड्यावर, जेथे उन्हाळ्यात बाई हंडाभर पाण्यासाठी दरी उतरते, तेथे हे संयंत्र तिच्या डोक्यावर आणखी दोन-तीन हंडे चढवील. म्हणून संयंत्र मंजूर करण्यापूर्वी ‘पाणी कोण आणणार?’ हा प्रश्न विचारावा, आणि तो घरातील बाईलाच विचारावा.

जेथे जनावरे थोडी, तेथे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची पद्धत उपयोगी पडते. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके बांधून त्यात काडीकचरा, चाळलेली माती आणि शेणकाला यांचे थर द्यावयाचे. एका टाक्याला सुमारे १०० किलो शेण पुरते आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होते. पाणी येथेही लागते, पण मुख्यतः टाके भरताना. पुढे ओलावा टिकेल एवढे शिंपडले की झाले. विटांना पैसा नसेल तर झाडाच्या सावलीतील साधा खड्डाही उघड्या उकिरड्याहून बरा. उन्हाने वाळलेल्या आणि पावसाने धुतलेल्या खतात कस तो काय उरणार?

शेवटची गोष्ट. गोठा झाडणारी, पाटी डोक्यावर घेणारी, गोवऱ्या थापणारी आणि भिंत सारविणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते. शेणाच्या मोलात तिच्या कष्टांचे मोल कधी धरले जात नाही. गावी परतल्यावर आपण खताचे खड्डे मोजाल, संयंत्रे मोजाल. ते आवश्यकच आहे. त्या आकड्यांबरोबर एक रकाना आणखी ठेवा: या कामाने तिची एक तरी खेप कमी झाली काय? उत्तर ‘होय’ असेल, तरच आपली योजना यशस्वी झाली असे मी मानीन.