रविवारची धाव

आम्ही संपावर बोलू, अशी तुमची समजूत असेल. आज धावण्यावर बोलतो. मुंबईत जानेवारीत मॅरेथॉनबरोबर हौशी लोकांची सुमारे ६ किलोमीटरांची 'ड्रीम रन' असते. तीत वेळ मोजत नाहीत. पोट सुटलेल्या आमच्यासारख्यांची तेवढीच सोय!

यंदा चोवीस वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी यांच्यासह आम्ही बोरीबंदराहून निघालो. मुलगी गर्दीत केव्हाच दिसेनाशी झाली. मुलगा मात्र आमच्या चालीने चालला, कारण त्याचा फोन सारखा वाजत होता. तो घरपोच माल पोचवतो. रविवारी गैरहजर राहिला की आठवड्याचा जादा भत्ता बुडतो. धापा टाकीत आम्ही त्याला सांगितले, की नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून झगडून १८९० साली गिरणी कामगारांना हा रविवार मिळवून दिला.

"बाबा, तो गिरणीवाल्यांना. आम्हांला कुठे?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. पुढे पोर पाणी घेऊन उभी होती. मुलाने फोन बंद करून तिच्या हाती दिला आणि उरलेली वाट आम्ही तिघांनी, खरे सांगायचे तर, चालतच संपवली.

त्याचा भत्ता बुडालाच. त्याच्या चार सोबत्यांना आम्ही गुरुवारी रात्री, काम सुटल्यावर, भेटणार आहोत.