नदीचा मध्य

मोटार धुण्याच्या यंत्रशाळेत गाडी मधोमध राखायला जमिनीवरची पन्हळ पुरते. कोलकात्याच्या दक्षिणेस, बजबजच्या तेलधक्क्याकडे येणाऱ्या जहाजाला अशी पन्हळ कोठून मिळावी? हुगळीचा वाटाड्या काठावरच्या दोन खुणांवर नजर ठेवतो. पुढची ठेंगणी, मागची उंच, कारण ती पुढचीआड लपता कामा नये. दोन्ही एकावर एक दिसल्या की जहाज वाटेवर आहे. उंच खूण उजवीकडे सरली, तर जहाजही उजवीकडे गेले असे समजावे. पण गाळ हलतो, वाट सरकते, मग मोजणी करून खुणाही हलवाव्या लागतात. नदीचा मध्य म्हणजे खोल पाणी, असे मानणाऱ्याची येथे धडगत नाही. आणखी खाली, रूपनारायणाच्या मुखाजवळ, ‘जेम्स अँड मेरी’ नावाचा वाळूचा बुडीत पट्टा आहे. १६९४ साली तेथे बुडालेल्या जहाजाचेच ते नाव.