पराभव संघाचा, मिळकत मालकाची



अर्थशास्त्राच्या एका निवृत्त मास्तराने फुटबॉलवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु मालकी या शब्दाचा खरा अर्थ समजून घेण्यास मँचेस्टर युनायटेडसारखे स्वच्छ उदाहरण मला दुसरे आढळत नाही.

हा संघ १८७८ साली न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी काढला. २००५ साली अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने तो सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातील बराचसा पैसा कर्जाऊ होता आणि त्याचा मोठा बोजा क्लबच्याच माथी आला. तोवर क्लब कर्जमुक्त होता. थोडक्यात, वाडा खरेदी करायचा आणि हप्ते त्याच वाड्यातील भाडेकरूंकडून वसूल करायचे! पुढे २०१२ साली न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात समभाग विकले गेले, पण कुटुंबाच्या एका समभागास दहा मते आणि बाजारातील समभागास एक.

माल बिघडला की ग्राहक दुकान बदलतो, असे आमची पाठ्यपुस्तके सांगतात. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली या गृहीतकाला निष्ठेची जोड दिली. बापाने बोट धरून दाखविलेला संघ हरला म्हणून मुलगा सोडीत नाही. २०१३ नंतर लीगचे विजेतेपद नाही, २०२४-२५ मध्ये वीस संघांत पंधरावा क्रमांक, तरीही मैदान भरतेच. मग पराभवाची झळ मालकाला लागावी कशी? २०२४ पासून भागीदार झालेल्या जिम रॅटक्लिफ यांच्या कारभारात तर भर हंगामात उरलेली तिकिटे ६६ पौंडांची झाली, मुले व वृद्धांची सवलत गेली आणि शेकडो नोकरांना घरचा रस्ता दाखविला गेला.

चाहते गप्प बसले नाहीत. २०१० साली त्यांनी न्यूटन हीथचे हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घातले. २ मे २०२१ रोजी ते मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. काहींनी तर २००५ सालीच एफ. सी. युनायटेड हा 'एक सभासद, एक मत' या तत्त्वावरील क्लब उभारला. त्यांच्याविषयी मला आदर आहे. मात्र तो खालच्या श्रेणीत खेळतो आणि ग्लेझरांच्या गल्ल्याला त्याने धक्का लागलेला नाही.

जर्मनीत, काही अपवाद वगळता, मतांचे बहुमत सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. तेथे लीगच्या प्रक्षेपण-उत्पन्नातील वाटा खासगी गुंतवणूकदारास विकण्याचे घाटत होते. प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबविले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती योजना मागे घेण्यात आली.