नृत्यातील एक कठीण कसरत आणि अभ्यासाचे मर्म
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘अभ्यास’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. अभ्यास म्हटला की वही, पुस्तक आणि परीक्षा डोळ्यांपुढे येतात. आम्ही मात्र आज उदाहरण घेणार आहोत ते ‘ब्रेकिंग’ नामक नृत्याचे. आपल्या सभागृहाच्या मागील पडवीत काही मुलेमुली सायंकाळी पुठ्ठे अंथरून हे नृत्य करीत असतात. त्यांना तेथून उठवावे, असा अर्ज मंडळापुढे आला आहे. त्याचा निर्णय करण्यापूर्वी ही मुले काय शिकत आहेत ते आपण समजून घ्यावे, एवढीच आमची विनंती.

हे नृत्य १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, गरीब वस्तीतील आफ्रिकी-अमेरिकी व पोर्टो रिकन मुलांनी घडविले. गाण्यात मध्येच केवळ ताल उरतो, त्या ‘ब्रेक’वर ती नाचत, त्यावरून हे नाव पडले. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्याच्या स्पर्धा झाल्या व जपानची अमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड यांनी सुवर्णपदके मिळविली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या कार्यक्रमात मात्र त्याचा समावेश नाही. तेव्हा पदकाच्या लोभाने ते शिकावे, असे आम्ही म्हणत नाही.

या नृत्यात ‘विंडमिल’, म्हणजे पवनचक्की, नावाची एक कसरत आहे. दोन्ही पाय फाकून हवेत ठेवायचे, आणि खांदे व पाठीचा वरचा भाग जमिनीवर फिरवीत अंग अखंड घुमवायचे. पाहणाऱ्यास हा चमत्कार वाटतो. वस्तुतः तो चार पायऱ्यांचा जिना आहे. पहिली पायरी, कोपर पोटाच्या कडेस रोवून हातावर अंग तोलणे. दुसरी, त्याच बाजूच्या खांद्यावर अंग अलगद उतरविणे. तिसरी, पायांचा मोठा फेर घेऊन पाठीच्या वरच्या भागावरून लोळणे. चौथी, कंबर उचलून, हात टेकून, पुन्हा पहिल्या ठिकाणी येणे. नवशिक्याचे पाय भीतीने मिटतात, कंबर खाली बसते आणि चक्की थांबते. कारण ही चक्की बाहूंच्या बळावर फिरत नाही. फेकलेल्या पायांच्या गतीवर फिरते.

म्हणून जाणते शिक्षक प्रथम मनगटे, खांदे आणि मान मोकळी करून घेतात. नंतर एकेक पायरी स्वतंत्र घोटवतात, मग दोन जोडतात, आणि शेवटी पूर्ण फेरा. एका दिवशी चार तास अंग आपटण्यापेक्षा रोज अर्धा तास नेमाने केलेला सराव अधिक फळतो. मध्यंतरीच्या विश्रांतीत व झोपेत शिकलेले अंगात मुरते. पाढे, शुद्धलेखन आणि हार्मोनियम यांचीही रीत हीच नव्हे काय? टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण येथेही खरी ठरते.

आपल्याकडे मल्लखांबाची परंपरा याच रीतीने टिकली. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी त्या विद्येचे पुनरुज्जीवन केले, आणि १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिची प्रात्यक्षिके दाखविली. मल्लखांबाचे कौतुक करणाऱ्या समाजाने पडवीतल्या मुलांकडे पाठ फिरवावी, हे आम्हांस सुसंगत वाटत नाही.

या मुलांत इयत्ता नववीतील एक मुलगी आहे. पुठ्ठा सरकून तिच्या खांद्यास इजा झाली. घरच्यांनी तेवढ्यावरून तिचे येणे बंद केले. तिच्याबरोबर शिकणारा भाऊ मात्र अजून येतो. इजा झाली ती नृत्यामुळे नव्हे. सरकता पुठ्ठा, खडबडीत फरशी आणि मार्गदर्शकाचा अभाव यांमुळे. हे तिन्ही दोष दूर करणे आपल्या हाती आहे. मंडळाने मागची खोली आठवड्यातून तीन सायंकाळी द्यावी, जाड गाद्या घ्याव्यात, जाणता शिक्षक नेमावा आणि मुलींसाठी दार तितकेच उघडे ठेवावे, अशी सूचना आम्ही मांडतो. गाद्यांसाठी पहिली वर्गणी आमची समजावी.

पालकांना एकच सांगणे आहे. मूल पन्नासदा पडून एक्कावन्नाव्या वेळी उठते, तेव्हा ते केवळ नाचणे शिकत नसते. अपयशानंतर पुन्हा आरंभ कसा करावा, हे शिकत असते. गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नाही, म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. त्या मुलीस पुन्हा येऊ द्यावे, ही तिच्या वडिलांना या व्यासपीठावरून आमची हात जोडून विनंती आहे.